का सोडायलासा?

मुलाखतीची पहिली पाच मिनिटं पार्किंग मिळालं का आणि चहा घेणार की कॉफी यात जातात. मग समोरचा माणूस माझा बायोडेटा आयुष्यात पहिल्यांदा उघडतो, चष्मा कपाळावर ढकलतो आणि विचारतो, "नऊ वर्षं कन्सल्टिंग. चांगलं चाललंय की. मग सोडताय का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते एका ओळीचं आहे. दर सोमवारी पहाटे साडेतीनला उठून विमान गाठायचा मला कंटाळा आला आहे. पण हे उत्तर मुलाखतीत चालत नाही, असं मला या विषयातल्या तीन जाणकारांनी सांगितलं. तिघेही त्या वेळी नोकरीच्या शोधात होते.

त्यांच्याकडून मिळालेले नियम असे, की आधीच्या कंपनीला नावं ठेवायची नाहीत. 'दमलो' म्हणायचं नाही. बायको, मुलगी, आईचा गुडघा यांतलं काहीही तोंडातून निघता कामा नये. आणि मुख्य म्हणजे, आपण कशापासून पळतोय ते न सांगता कशाकडे धावतोय ते सांगायचं. पाय दोन्हीत सारखेच दुखतात, पण दुसऱ्याला पॅशन म्हणतात.

घरच्यांना समजावणं त्याहून अवघड. माझ्या आत्याने दर गणपतीत, मोदकाला कळ्या पाडता पाडता, मला एकच प्रश्न विचारला आहे. "म्हणजे तू नक्की करतोस काय रे?"

"कंपन्यांना सल्ला देतो."

"ते मागतात?"

"मागतात."

"ऐकतात?"

"कधी कधी."

"आणि पैसे?"

"ते नेहमी देतात."

आत्याने मोदकाचं नाक दाबून बंद केलं. "मी ह्यांना चाळीस वर्षं फुकट देतेय," ती म्हणाली.

बाबा पिंपरीतल्या एकाच कंपनीतून चौतीस वर्षांनी निवृत्त झाले. नोकरी सोडायची कारणं त्यांच्या हिशेबात दोनच, व्हीआरएस नाहीतर भानगड. व्हीआरएसचं माझं वय नाही. त्यामुळे त्यांनी आई देवळात गेल्याची खात्री करून घेतली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि हळूच विचारलं, "कुणाशी काही... झालंय का?" मी नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं असावं, पण थोडी निराशाही झाली, असं मला आजही वाटतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांचा संशय समजेल. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांत 'अप ऑर आउट' नावाचा रिवाज आहे. दोन-तीन वर्षांत वरची पायरी चढायची, न चढल्यास नमस्कार करून बाहेर पडायचं. याचा मुंबईच्या लोकलच्या दारातला नेमका अनुवाद 'चढायचं तर चढा, नायतर उतरा' असा आहे आणि स्वरही साधारण तोच. फरक एवढाच, की इथे खाली ढकलताना पाठीवर हात फिरवतात, निरोपाचा केक कापतात, आणि पुढे तुम्ही कुठल्या कंपनीत साहेब झालात की तिथे सल्ला विकायला येतात. त्यामुळे 'सोडताय का?' या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. सोडताय, की सोडवताहेत?

माझी पहिली मुलाखत पडद्यावर झाली. एचआरच्या बाईंसमोर एक फॉर्म होता आणि त्यात नोकरी सोडण्याचं कारण सहा पर्यायांतून निवडायचं होतं. मी पाठ केलेलं म्हटलं, "मला एंड-टू-एंड ओनरशिप हवी आहे." स्थळाच्या कागदावर 'गृहकृत्यदक्ष' वाचताना मान हलवतात, तशी त्यांनी हलवली आणि 'अन्य'वर खूण केली. मग आदर्श कोण, असं विचारलं. मी इंद्रा नूयींचं नाव घेतलं. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमधून १९८६ साली मोटोरोलात, १९९४ साली पेप्सिकोत, २००६ साली पेप्सिकोच्या प्रमुख. "सकाळपासून तुम्ही चौथे," बाई म्हणाल्या. मी घाईघाईने लू गर्स्टनर काढले. मॅकिन्झीत बरीच वर्षं काढलेले हे गृहस्थ १९९३ साली बुडू घातलेल्या आयबीएमचे प्रमुख झाले आणि त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं, की आयबीएमला या घडीला सगळ्यात कमी गरज कशाची असेल तर ती व्हिजनची. ज्याने इतकी वर्षं लोकांना व्हिजन पुरवली, त्याला त्या मालाचा भाव ठाऊक असणारच. बाईंनी 'अन्य'शेजारी काहीतरी लिहिलं. पुढे कळलं नाही.

दुसरा मुलाखतकार स्वतःच माजी कन्सल्टंट निघाला. साबण, शाम्पू वगैरे विकणारी कंपनी, ऑफिस अंधेरीत. असा माणूस सगळ्यात धोक्याचा, कारण आपलं उत्तर त्याने आठ वर्षांपूर्वी स्वतः देऊन झालेलं असतं. मी "मला इम्पॅक्ट..." एवढंच म्हणालो, तर उरलेलं वाक्य त्याने पुरं केलं आणि वर माझ्यापेक्षा चांगलं केलं. मग जुन्या आठवणीने त्याचे डोळे लकाकले आणि त्याने कोडं घातलं. मुंबईत रोज किती वडापाव खपतात?

हे आमचं कुळाचाराचं कोडं. खरा आकडा कुणालाच नको असतो, माणूस विचार कसा करतो ते बघायचं असतं. मी कागद ओढला. शहराची लोकसंख्या, त्यातून तान्ही मुलं वजा, पथ्यावरचे वजा, लोकलने फिरणारे वेगळे, कॉलेजची पोरं वेगळी, आठवड्याचे दिवस वेगळे, पावसाळ्याचे वेगळे. आठ मिनिटांत मी एका आकड्याला पोचलो आणि त्याला दुसऱ्या वाटेने, गाड्यांच्या संख्येवरून, पडताळूनही दाखवलं. गडी खूश झाला. म्हणाला, "छान. आता उद्या सकाळी सहाला दादर स्टेशनबाहेरच्या गाडीवर पावच पोचला नाही. काय कराल?"

"ते माझ्या स्कोपमध्ये येत नाही," मी म्हणालो.

नऊ वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. त्यानंतर आम्ही दोघंही थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत होतो. आठवड्याने निरोप आला, की उमेदवार 'खूप स्ट्रॅटेजिक' आहे. म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. हा साबण विकणार नाही, साबणाबद्दल बोलेल.

चाकणच्या प्लांट हेडनी तर मला बसू द्यायच्या आधीच विचारलं, "उंटावरच्या शहाण्याची गोष्ट माहितीये ना?"

माहीत होती. रेडकाचं डोकं रांजणात अडकतं. गावकरी शहाण्याला बोलावतात. तो उंटावर बसून येतो आणि खाली उतरायला तयार नसतो, म्हणून आधी वाड्याचा दरवाजा पाडतात. मग त्याच्या सल्ल्याने रेडकाची मान कापतात. डोकं आतच राहतं, म्हणून शेवटी रांजणही फोडतात. कन्सल्टंट म्हणून या गोष्टीबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. शहाण्याने फी किती घेतली याचा तिच्यात उल्लेख नाही. आणि एक मान्य करायला हवं, रेडकाचं डोकं रांजणातून बाहेर आलं. काम ठरल्याप्रमाणे झालं, तेही वेळेत. उरलेल्या रेडकाबद्दल करारात काही नसणार.

"म्हणूनच मला उंटावरून उतरायचंय," मी म्हटलं. उत्तर बरं जमलं होतं, पण प्लांट हेडनी ते अनेकदा ऐकलं असावं. "उतराल हो," ते म्हणाले, "पण चपला आहेत का पायात?" आणि त्यांनी टेबलाखाली वाकून माझे बूट बघितले. इटालियन होते. त्यांच्या पायांत सेफ्टी शूज होते, पुढच्या पत्र्यावर चरे पडलेले.

त्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मी कोल्हापूरला निघालो. तिथली एक फाउंड्री, घरची, पंपांचं आणि ट्रॅक्टरचं कास्टिंग करणारी. मालकांना 'एखादा शिकलेला माणूस' हवा होता. वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मी फ्रेडरिक टेलर यांच्याबद्दल वाचत होतो. सल्ल्याच्या या धंद्याच्या आद्यपुरुषांपैकी ते एक. १८९३ साली त्यांनी 'कन्सल्टिंग इंजिनिअर' अशी कार्डं छापून घेतली. पण त्याआधी ते काय होते? फिलाडेल्फियातल्या पंपांच्या एका कारखान्यात साचे बनवायला लागतो तो लाकडी नमुना घडवणारे उमेदवार, म्हणजे पॅटर्नमेकर. त्यांनी पंपांच्या कारखान्यात सुरुवात करून पुढे सल्ल्याचं दुकान काढलं आणि मी सव्वाशे वर्षांनी सल्ल्याच्या दुकानातून पंपांच्या कारखान्याकडे निघालो होतो. वाटेत कुठेतरी, मिरजेच्या आसपास म्हणा, आमचं क्रॉसिंग झालं असतं.

टेलरसाहेबांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम बेथलेहेम स्टीलमधला. लोखंडाचे ठोकळे वॅगनीत चढवणारा एक मजूर दिवसाला १२.५ टन माल उचलत असे. त्याला कधी वाकायचं, कधी थांबायचं हे घड्याळ लावून सांगितलं आणि तो ४७.५ टन उचलू लागला. मजुरी १.१५ डॉलरची १.८५ डॉलर झाली. काम जवळपास चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. मधला फरक कुठे गेला, हे विचारायचं नसतं, ती आमच्या धंद्याची पायाभरणी आहे. मला आवडलेला भाग पुढचा आहे. १९०१ साली बेथलेहेमने टेलरना काढून टाकलं. म्हणजे पुढच्या मुलाखतीत त्यांनाही कुणीतरी चष्मा कपाळावर ढकलून विचारलंच असेल.

मालक साठीचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. ऑफिसची काच इतकी कळकटलेली, की पलीकडची भट्टी मावळतीच्या सूर्यासारखी दिसत होती. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "एवढी मोठी नोकरी. का सोडायलासा?"

"मला ओनरशिप हवी आहे," मी म्हटलं. मग भान येऊन मराठीत सांगितलं, "म्हणजे, मालकी."

मालक गंभीर झाले. "ती न्हाई मिळायची," ते म्हणाले. "ती आमच्या तिघा भावांची हाय. दुसरं काय पायजे सांगा."

दुसरं काय पाहिजे ते मला चटकन आठवेना. मालकांनी विषय बदलला. त्यांचं रिजेक्शन वाढलं होतं. शंभर कास्टिंग ओतली तर आठ-नऊ भंगारात परत. "हे बघा," असं म्हणून त्यांनी एक गठ्ठा पुढे सरकवला. वरच्या कागदावर झकपक निळ्या रंगात छापलेलं होतं, 'गुणवत्ता परिवर्तनाचे तीन स्तंभ'. खाली तीन स्तंभ, त्यांच्यावर छप्पर, छपरावर बाण. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेला अहवाल. माझ्या पोटात कालवलं, कारण अगदी तसेच स्तंभ मी निरनिराळ्या गावांत अनेकदा उभे केले आहेत.

"त्ये न्हाई. पालटा."

मी कागद उलटा केला. अहवाल एकाच बाजूने छापलेला होता आणि कोऱ्या बाजूला कुणीतरी शिसपेन्सिलीने रोजची नोंद ठेवली होती. तारीख, पाळी, किती ओतली, किती परत, आणि कशामुळे. ब्लो होल, ब्लो होल, वाळू सुटली, ब्लो होल. उभ्या चार रेघा, पाचवी आडवी. एकशे चाळीस पानांच्या पाठी भरत आल्या होत्या. "कागूद चांगला हाय," मालक म्हणाले. "शाई फुटत न्हाई."

मी ती पानं एकामागून एक उलटी करत गेलो, आणि हे मान्य करायला हरकत नाही की नऊ वर्षांत मला इतकी चांगली आकडेवारी कुठल्याच क्लायंटने दिली नव्हती. एक गोष्ट दहाव्या पानापासून दिसायला लागली. साप्ताहिक सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाळीत पाचवी आडवी रेघ भराभर पडत होती. इतर दिवस बरे.

मालकांनी मला मिस्त्रींबरोबर आत पाठवलं. साच्याच्या वाळूला फाउंड्रीत ग्रीन सँड म्हणतात. ती काळीकुट्ट असते. हिरवी म्हणजे न भाजलेली, ओलसर, एवढाच त्याचा अर्थ. मिस्त्रींनी ढिगातून मूठभर वाळू उचलली, आवळली आणि हात उघडला. तळव्यावर वाळूचा एक लाडू, त्यावर चारही बोटांचे ठसे, नखासकट. मग अंगठ्याने मधोमध दाबून त्याचे दोन तुकडे केले. कडा सुरीने कापल्यासारख्या. तळहात स्वच्छ. "अशी पायजे," ते म्हणाले. मग त्यांनी मला करायला लावलं. माझा लाडू मोडला नाही, तळव्याला चिकटून बसला. मी दुसऱ्याच ढिगातली उचलली होती. "ही ओली," मिस्त्री म्हणाले. "हिच्यात लोखंड ओतलं का पाण्याची वाफ हुती. वाफंला वाट मिळाली न्हाई, तर ती कास्टिंगमदी बसती. त्येचंच भोक."

"सुट्टीनंतर असं का होतं?"

"सुट्टीत वाळू वाळती. मग सकाळी मिक्सरात पानी घालत्यात. अंदाजानं."

"कोण घालतं?"

मिस्त्रींनी बोट दाखवलं नाही. फक्त हनुवटी अर्धा इंच उचलली. मिक्सरजवळ बनियनवर, गळ्यात लॉकेट, हातात प्लॅस्टिकची बादली घेतलेला एक सुखवस्तू गृहस्थ उभा होता.

"मालकांचे मेव्हणे हायत," मिस्त्री म्हणाले.

"मालकांना माहीत आहे?"

"मालकांस्नी सगळं ठाऊक हाय."

"मग?"

"वैनींस्नी कोन सांगनार?"

आणि तिथे, त्या काळ्या हिरव्या वाळूत इटालियन बूट रोवून उभा असताना, मला दोन वर्षांपूर्वीच्या त्या अहवालकर्त्याबद्दल माया वाटली. त्यालाही मिस्त्रींची हनुवटी दिसली असणार. तीन स्तंभांपैकी मधल्या स्तंभात 'मनुष्यबळाचे सुयोग्य पुनर्नियोजन' असं लिहून तो शुक्रवारच्या विमानाने गेला असणार. मीही तेच केलं असतं. किंबहुना बडोद्यात एकदा, एका पुतण्याच्या बाबतीत, केलंही आहे.

परत आलो तेव्हा मालक जेवणाचा डबा उघडत होते. दोन ताटल्या मांडलेल्या. पांढऱ्या रश्श्याचा वास सुटला होता. "बघितलासा?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"मग? काय करायचं म्हणतासा?"

माझी बोटं सवयीने वर आली. तर्जनी, मधलं, अनामिका. तिन्ही बोटांवर काहीच नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो. "पण बघतो."

मालकांनी माझ्या ताटलीत रस्सा वाढला. "कदी येतासा?"

नोटीस नव्वद दिवसांची आहे म्हटल्यावर ते हसले. "तेवढ्यात लगीन जमून मोडतंय." पगाराचा आकडा त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला, त्याच अहवालाचा कोपरा फाडून. मी आधी मिळवत होतो त्याच्या दोन तृतीयांश. डबा धरून.

जुन्या कंपनीने निरोपाची मुलाखत घेतली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा फॉर्म. आता बिघडण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून मी खरं ते लिहिलं, पहाटे साडेतीन. तिथल्या तरुण मुलीने ते वाचलं, माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं आणि माझ्या देखतच खोडून 'करिअर ग्रोथ' केलं.

आता इथे मला पाच महिने झाले आहेत. मी बाजारातून एक मापाचा जग आणला, त्यावर लाल रेघ मारली आणि तो मिक्सरजवळच्या खिळ्याला टांगला. मेव्हण्यांना आवडला. त्यातून ते ताक पितात. सुट्टीनंतरच्या दिवशी वाळू फार लवकर मळायला घेतात, आणि पाणी पडतं त्या क्षणी तिथे हजर राहायचं तर मला साडेतीनला उठावं लागतं. फोनमधला गजर जुनाच आहे. त्यावर अजून 'विमान' असं लिहिलेलं येतं.

परवा असाच अंधारात तिथे उभा होतो. मेव्हणे बादली भरून आले, ती खाली ठेवली, माझ्या बुटांकडे बघितलं. ते आता सेफ्टी शूज आहेत. "साहेब, एक इचारू?" ते म्हणाले. "ती इमानाची नोकरी सोडून हितं कशापायी आलासा?"

इमान म्हणजे विमान, हे कळायला मला एक क्षण लागला.

"त्याची तीन कारणं आहेत," मी म्हणालो. मेव्हणे अगदी मनापासून ऐकत होते, मान डोलावत होते. माझं पहिलं कारण संपेपर्यंत त्यांनी बादली उचलली. दुसऱ्याच्या मध्यावर ती मिक्सरवर तिरपी केली. आणि मी तिसरं आठवत होतो, तोवर ती रिकामी झाली होती.